सातेरी चाळीची चाळीस मिनिटं

"बारा?" रामनाथ रस्त्यातल्या चेंबरमध्ये कमरेइतका उतरलेला होता. तिथूनच त्याने मान वर केली. "हरेश, अरे बारा मिनटांत चाळीच्या शेवटच्या नळाला नुसती हवा येते. फुस्स. पानी यायला तेरावं मिनिट लागतं."

"काका, मला नका सांगू. टाइमटेबलात लिहिलंय ते सांगतोय." हरेशने मोटरसायकल चालूच ठेवली होती. त्याने प्लास्टिकमध्ये घातलेला कागद पुढे धरला. "सोमवारपासून. सातेरी चाळ बारा. मिश्रा कंपाउंड पंचेचाळीस. श्रीजी हाइट्स चाळीस."

"सातेरीला आज चाळीस हाय."

"होती. आता सर्वे झाला ना? कंपनीने माणसं मोजली. जेवढी डोकी तेवढं पाणी. सगळं सायंटिफिक."

"सातेरीत किती डोकी निघाली?"

हरेशने कागदावर बोट फिरवलं. "एकशे बारा."

रामनाथला हसू फुटलं. "एकशे बारा तर नुसती त्यांच्या भजनाला बसतात रे! चौऱ्याऐंशी खोल्या हायत तिथं."

"चौऱ्याऐंशीतल्या एकसष्ट बंद होत्या. कुलूप. बंद घरात माणूस कसा धरणार?"

"कवा गेलते मोजायला?"

"गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. मुद्दाम सुट्टी बघून गेले, माणसं घरी सापडतात म्हणून."

रामनाथने दोन्ही हात चेंबरच्या कडेवर टेकले. हरेश त्याच्याच गावचं पोरगं, नात्यात पुतण्या लागत होतं. बीकॉम शिकलेलं. पाण्याच्या कंत्राटदाराकडे सुपरवायझर होतं.

"बरोबर हाय," रामनाथ म्हणाला. "घरीच सापडली असती. पन कनकवलीच्या घरी."

हरेशला हसायचं होतं, पण तो हसला नाही. मोटरसायकलला गिअर टाकून म्हणाला, "काका, डोकं लावू नका. तुमची दोन वर्षं राहिलीत. आणि आता प्रत्येक व्हॉल्वला मीटर बसलाय, एक मिनिट जास्त झालं तरी ऑफिसात लाल दिसतं. मी नाही वाचवू शकणार."

विरारच्या फुलपाड्यातल्या चाळींत ज्यांनी कधी पाऊल टाकलं नाही, ते या वस्तीला लोंढा म्हणतात. म्हणोत. लोंढा म्हणायला अक्कल लागत नाही, लांबून बघितलं की झालं. रामनाथने ही माणसं अठ्ठावीस वर्षं जवळून बघितली होती, आणि तीही जमिनीखालून. तो चावीवाला. छातीएवढ्या उंचीची, वर आडवा दांडा असलेली लोखंडी चावी चेंबरात घालायची, एकोणीस आटे फिरवायचे, की गल्लीत पाणी. वेळ संपली की एकोणीस आटे उलटे. सात गल्ल्या, सात चेंबर, पहाटे पाच ते दुपारी एक. त्याचं आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं, नावही फारसं नाही. चावीवाले काका. मिश्रा कंपाउंडमध्ये चाचा.

पण त्याला त्यांचं सगळं ठाऊक होतं. मिश्रा कंपाउंड म्हणजे जौनपूर, आझमगड आणि दरभंगा. भिंती रंगवणारे, छताला पीओपी करणारे, रिक्षा चालवणारे. छटपूजेच्या आदल्या दिवशी त्यांच्या बायका अख्खी गल्ली दोनदा धुऊन काढतात, म्हणून त्या दिवशी तिथे दहा मिनिटं जास्त. श्रीजी हाइट्समध्ये गुजराती, मारवाडी आणि वसईच्या वाड्या विकून आलेली तीन ख्रिस्ती घरं. त्यांचं पाणी नाताळच्या आधी पहाटे लवकर, कारण पाव-केकाच्या भट्टीवर निघायच्या आत बायकांना अंघोळी उरकायच्या असतात. नूर मंझिलला रमजानात पहाटे, सहरीच्या जेवणाच्या वेळेला. आणि सातेरी चाळ ही अख्खी कणकवली-कुडाळकडची, देवीचं नावसुद्धा गावाहून आणलेलं. ती गणपतीला रिकामी होते. दरवर्षी रामनाथ त्या दिवसांत सातेरीची चाळीस मिनिटं मिश्रा कंपाउंडला देऊन टाकायचा आणि गौरी-गणपती पाण्यात गेले, एसट्या परतल्या, की काढून घ्यायचा. दोन्हीकडे कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता. हे सगळं त्याला साहेबाने शिकवलं नव्हतं. ते कुठे लिहिलेलंही नव्हतं. इतक्या तऱ्हेची माणसं एका पाइपावर भांडल्याशिवाय जगत होती, ती एका माणसाच्या ध्यानात होतं म्हणून. आणि माणसं मोजायला आलेल्या कंपनीला त्या एका माणसाला विचारायचं सुचलं नाही.

रामनाथ स्वतः खाडीकाठचा. त्याच्या बापाचं भाताचं खाजण होतं, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेलं. गावाने बांधाकडे लक्ष द्यायचं सोडलं, वरच्या अंगाला भराव पडले, एका उधाणाला बांध फुटला आणि शेतात मीठ शिरलं. पुढे तिथे भाताची काडी उगवली नाही. तेव्हा तो पोटासाठी विरारला आला. माणिकपूरचा सेबेस्टियन नावाचा म्हातारा चावीवाला होता, त्याने हाताखाली घेतलं. म्हणाला, "चावी कोन पन फिरवतो बाबा. कान पाह्यजे." मग त्याने एक लांब सळई व्हॉल्ववर टेकवली आणि तिचं दुसरं टोक रामनाथच्या कानामागच्या हाडाला लावलं. पाइपातून पाणी धावत असलं की सळईतून घोंघों ऐकू येतं. गल्लीतली भांडी भरली, नळ बंद व्हायला लागले, की आवाज बारीक होतो. सगळी भरली की पाइप गप्प. "पोट भरलं का नाय ते लेकरू सांगतं," सेबेस्टियन म्हणाला होता, "आपन फक्त ऐकायचं."

सोमवारी रामनाथने बाराव्या मिनिटाला सातेरीची चावी बंद केली.

केली. खोटं कशाला सांगा? घरी बायको होती, तिच्या गुडघ्याचं औषध होतं, दोन वर्षं उरली होती. त्याने घड्याळ बघितलं, एकोणीस आटे उलटे फिरवले आणि मान खाली घालून पुढच्या चेंबरकडे निघाला. गल्लीच्या तोंडाशी राऊळआजी उभी होती. सत्तरीची, काटकुळी, चाळीतली पहिली भाडेकरू. कमरेवर हंडा.

"चावी खराब झाली काय रे?"

"नाय आजी."

"मगे? बघ माझो हंडो. अर्दो. आनी मी दुसऱ्या खोलीत ऱ्हवतंय. शेवटच्या खोलयेतली पोरगी बादली घेवन नळाकडे उभी हा, नळ नुसतो शिंकता."

रामनाथने तिला सर्व्हेचं सांगितलं. कुलपांचं सांगितलं. ती ऐकत राहिली. तोंडावरची एक रेघ हलली नाही. मग म्हणाली, "आमी गनपतीक गेल्लंव. गावाक गेलंव म्हणजे मेलंव काय रे?"

रामनाथने चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"आनी तुका म्हायत नाय आमी किती जणा ते? त्येंका म्हायत नाय, ता समजलंय. तुका?"

"माहीत हाय."

"तरी बंद केलंस."

"केलं."

"बरा केलंस," म्हातारी म्हणाली आणि वळली. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

मंगळवारी सातेरीच्या बायका हंडे घेऊन मिश्रा कंपाउंडच्या नळावर गेल्या. तिथे आता पाणी जास्त होतं. पहिल्या दिवशी तिकडच्या बायकांनीच हंडे उचलून दिले, "ले जाओ मौसी, पानी पर किसका नाम लिखा है." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, पहले हमारा भर जाने दो. तिसऱ्या दिवशी रांग लागली. चौथ्या दिवशी रांगेत धक्काबुक्की. मध्येच श्रीजी हाइट्सच्या किंजलबेनने खिडकीतून हाक मारून विचारलं होतं, "काका, आपला टाइम वाढला ने? कायमचा ने?" बाईचा काही दोष नव्हता. टाकी भरली म्हणून कुणीही खूश होणारच.

शनिवारी सकाळी रामनाथ मिश्रा कंपाउंडच्या चेंबरवर पोचला तेव्हा आरडाओरडा ऐकू येत होता. सातेरीतला एक जण ओरडत होता, "आमच्या वाटणीचं पाणी पिऊन आम्हालाच दादागिरी? तुम्ही सगळे भय्ये असेच!" पलीकडून आवाज आला, "साल में चार बार गाँव भागते हो, फिर पानी किस बात का माँगते हो!" भांडी वाजली. मग एक लोखंडी बादली हवेत गेली आणि रामाश्रय खाली बसला. तो रंगारी. सातेरीच्या देवळीला दर नवरात्रात फुकट रंग काढून देणारा तोच. त्याने कपाळाला हात लावला आणि हात लाल झाला.

रामनाथने आपल्या गळ्यातला पंचा काढून त्याच्या डोक्याला बांधला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सात टाके पडले. बाहेर आल्यावर रामाश्रय म्हणाला, "चाचा, एक बात पूछूँ? आपने हमको पानी दिया, कि झगड़ा दिया?"

रामनाथ त्याला घरी सोडून थेट पाणीखात्याच्या कार्यालयात गेला. चावी खांद्यावर तशीच. शिपायाने ती दाराबाहेर ठेवायला लावली.

संजना मॅडम नव्या इंजिनियर. वय तिशीच्या आत, टेबलावर फायलींपेक्षा नकाशे जास्त. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली, हेच त्याला अवघडल्यासारखं झालं. तो कडेवर बसला.

"आकडा चुकलाय बाई," तो म्हणाला. "सातेरी चाळीत तीनशे ब्याण्णव मानसं हायत. एकशे बारा नाय."

"तीनशे ब्याण्णव? तुम्ही मोजलीत?"

"मोजली नाय. मला ठावं हाय."

"काका," त्या शांतपणे म्हणाल्या, "मला तुमच्यावर अविश्वास दाखवायचा नाही. चाळीतले लोकही येऊन गेले. मी वर विचारलं. वर म्हणतात, सर्व्हे पुढच्या वर्षी परत होईल तेव्हा बघू. आता प्रत्येकच वस्ती म्हणेल की आम्ही जास्त आहोत. मला काहीतरी दाखवता आलं पाहिजे. 'मला ठाऊक आहे' हे मी कागदावर कसं लिहू?"

"लिहू नका. ऐका."

"काय?"

"पाइप ऐका. सोमवारी सकाळी साडेसातला या. मिश्राचा ऐका, मग सातेरीचा ऐका. मानसं नसतील तर पाइप गप्प बसंल. असतील तर बोलंल."

संजना मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पण सातेरीला बाराव्या मिनिटाला बंद करावं लागेल ना? टेबलाबाहेर मी परवानगी देऊ शकत नाही, काका. लेखी तर नाहीच."

"मी परवानगी मागितली कुटं?" रामनाथ म्हणाला आणि उठला. "तुमी फक्त या."

रविवारी त्याने घरी सांगितलं. त्याची बायको शकू कुळीथ निवडत बसली होती. तिने सगळं ऐकलं आणि सुपातून मान वर न करता विचारलं, "मंजे काढनार तुला?"

"काढतील."

"आनि त्या लोकांना पानी मिलंल?"

"काय माहीत."

"लय भारी सौदा हाय," शकू म्हणाली. सूप दोनदा जोरात पाखडलं. मग म्हणाली, "तुझा बा बांध फुटला तवा लोकांच्या दारोदार फिरला व्हता. चला रे, चला रे म्हनत. कोनी आला नाय." सोमवारी पहाटे तिने त्याला रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त बांधून दिली.

संजना मॅडम खरंच आल्या. स्कूटी लावली, ओढणी कमरेला खोचली आणि मिश्रा कंपाउंडच्या चेंबरशी उकिडव्या बसल्या. रामनाथने सळई टेकवून तिचं टोक त्यांच्या कानामागे धरलं. त्या दचकल्या. "बाप रे. गिरणीसारखं."

"ते पानी. आता बसा."

दहा मिनिटं. वीस. अठ्ठाविसाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "कमी होतंय." तिसाव्याला म्हणाल्या, "थांबलं."

"पोट भरलं त्यांचं. रोज तिसाव्याला भरतं. टेबलात पंचेचाळीस दिलीत, मधली पंधरा मिनटं पानी नुसतं पाइपात उभं." त्याने चावी फिरवून बंद केली. "चला."

सातेरीच्या चेंबरपाशी तोवर दहा-बारा माणसं जमली होती. राऊळआजी होती. डोक्याला पट्टी बांधलेला रामाश्रयही लांब भिंतीला टेकून उभा होता. रामनाथने कुणाकडे बघितलं नाही. एकोणीस आटे. सळई. मॅडमनी यावेळी स्वतःच ती कानामागे लावली.

आठवं मिनिट. नववं. हरेशची मोटरसायकल आली तेव्हा अकरावं चालू होतं. मॅडमना बघून तो गडबडला, मग वाकून कुजबुजला, "काका, बाराला बंद करा. पाया पडतो."

बारावं मिनिट गेलं. तेरावं लागलं. गल्लीच्या पार आतून, शेवटच्या खोल्यांकडून एका पोरीची किंकाळी ऐकू आली, "आलां! पानी आलां गे!" आणि मग चौऱ्याऐंशी खोल्यांमध्ये भांडी खणखणायला लागली.

"काका, फोन यायला लागलेत मला," हरेश रडकुंडीला आला होता. "लाल झालंय तिकडे. कंत्राटदार विचारतोय कोण आहे चावीवर. काय सांगू?"

"नाव सांग," रामनाथ म्हणाला. "रामनाथ गोविंद भोईर. नीट सांग, आडनावासकट."

वीस. पंचवीस. संजना मॅडमचा पाय आखडला असणार, त्यांनी सळई न हलवता गुडघा बदलला. डोळे मिटलेले होते. तिसाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "अजून तसंच आहे." पस्तिसाव्याला नुसतं बोट हलवलं, अजून नाही म्हणून. उन्हं चेंबरच्या कडेवर आली होती. सदतिसाव्या मिनिटाला त्यांच्या कपाळावर आठी पडली, त्यांनी सळई जास्त घट्ट दाबली. अडतिसाव्याला डोळे उघडले.

"थांबलं."

रामनाथने चावी बंद केली. मॅडम तिथेच रस्त्यावर बसल्या, फोन काढून मीटरचा आकडा बघितला, गुणाकार-भागाकार केला. "माणशी पंचेचाळीस लिटर धरलं, तर... तीनशे नव्वदच्या आसपास."

"तीनशे ब्याण्णव," रामनाथ म्हणाला. "तेवीस नंबरची सून बाळंतपनाला माहेरी गेली. ती सोडून."

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. ज्या माणसाला आपण वर्षभर मस्टरवर एका ओळीत बघितलं, त्याच्या डोक्यात एवढं गाव भरलंय, हे कळल्यावर शहाणा माणूस जसा बघेल तशा. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी आजच फेरमोजणी मागते. मीटरचा आकडा आहे माझ्याकडे, आता वरच्यांना नाही म्हणता येणार नाही. पण काका, टेबल मोडल्याचं मीटरवर लागलंय. कंत्राटदाराच्या माणसाला मी..."

"माझी काळजी करू नका बाई. तुमी पाय झटका, मुंग्या आल्या असतील."

बुधवारी त्याला कामावरून काढलं. हरेशच निरोप घेऊन आला. चावी परत न्यायची होती म्हणून गाडीला आडवी बांधली. त्याला काहीतरी बोलायचं होतं. "काका, मी सांगितलं होतं ना," एवढंच बोलला. रामनाथ म्हणाला, "दोरी घट्ट बांध, वसई फाट्याला पडंल." अठ्ठावीस वर्षांची नोकरी संपायला चहाचं पाणी उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. कंत्राटी माणसाला निरोपसमारंभ नसतो. नारळही नसतो. ज्यांच्या सहीने हे होतं त्यांच्या घरी चोवीस तास पाणी असतं, हे मला इथे लिहिलंच पाहिजे.

सातेरीला तात्पुरती पंचवीस मिनिटं मिळाली, फेरमोजणीपर्यंत. नवीन पोरगा चावीवर आला. तो घड्याळाकडे बघायचा, कान लावायचा नाही. रामनाथ घरी बसून राहिला. पहाटे पाचला उठायचा आणि काय करावं ते न सुचून ओटीवर बसायचा. शकू म्हणायची, "बस, बस. चेंबरात उतरल्यासारका बस."

आठव्या दिवशी फोन आला. संजना मॅडमचा.

"काका, फेरमोजणी मंजूर झाली. येता रविवार ठेवू? तुम्हाला विचारते, त्या दिवशी कोणी गावाला नाही ना जाणार?"

रामनाथ उठून उभा राहिला. अठ्ठावीस वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"रविवार चालंल," तो म्हणाला. "सकाळी नवाच्या पुढं ठेवा. रात्रपाळीवाले नवाला येतात. आनि बाई, मिश्रा कंपाउंड पन परत मोजनार असाल तर याच आठवड्यात उरका. पुढच्या आठवड्यात निम्मे छटला जातील. मंग तुमी त्यांना बंद घर लिवाल."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "लिहून घेतलं, काका."

रविवारी तो जाणार नव्हता. पण राऊळआजीने नातवाला स्कूटरवर पाठवलं, 'घेवनच ये' म्हणून.

सातेरी चाळ सकाळपासून दारात उभी होती. कुणी आंघोळ करून, कुणी ठेवणीतली साडी नेसून. जणू फोटो काढायचा होता. रात्रपाळीवरून आलेला एक सुरक्षारक्षक झोप येऊ नये म्हणून उभा राहून चहा पीत होता. एकाने गावच्या भावाला फोन लावून सांगितलं, "आज फोन करू नुको, आज आमची मोजणी हा." पलीकडे मिश्रा कंपाउंडचे लोक भिंतीवर बसून बघत होते. तिकडूनच कुणीतरी ओरडलं, "मौसी, ठीक से गिनवाना, वरना फिर हमारा सर फूटेगा!" आणि रामाश्रयसकट सगळे हसले.

मोजायला आली ती लुईझा टीचर, जवळच्या शाळेतली, पन्नाशीची. तिने चष्मा लावला, यादी उघडली. यादीत आता कुलूप नव्हतं. ती एकेका उंबऱ्यावर थांबून नाव, वय विचारत होती. रामनाथ राऊळआजीच्या पायरीवर बसला होता, हातात तिने दिलेला चहा. मध्येच तो बसल्या जागेवरून सांगायचा, "टीचर, अकरा नंबरचा मोठा मुलगा ड्युटीवर हाय, दुपारी येतो, तो राह्यलाय." किंवा, "त्या खोलीत मागं एक म्हातारी हाय, ऐकू येत नाय तिला, हाक मारून नाय येनार, आत जा." लुईझा टीचर आत जाऊन बघून यायची आणि लिहायची. तिने दोनदा त्याच्याकडे वळून बघितलं.

चौऱ्याऐंशी नंबरपासून उलट येत येत ती राऊळआजीच्या दारात आली.

"आजी, तुमच्याकडे किती जण?"

"चार," आजी म्हणाली. "मी, झील, सून आनी हो नातू." मग तिने पायरीवर बसलेल्या रामनाथच्या खांद्यावर हात ठेवला. "आनी हो धर पाचवो."

चाळीत हशा उसळला. "धरा, धरा टीचर!" तीन नंबरवाली ओरडली. "काकांशिवाय चाळ कशी?" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मघाचा रात्रपाळीवाला म्हणाला, "लिहा ओ, कोण बघतंय! एक माणूस जास्त, तेवढाच एक हंडा जास्त."

लुईझा टीचरही हसली. गंमत म्हणून पेन कागदावर टेकवून विचारलं, "काय लिहू काका? नाव सांगा."

रामनाथने चहाचा कप पायरीवर ठेवला.

"नको टीचर. मी इथला नाय. मला धरलंत तर आकडा चुकंल."

"अहो, गंमत करतायत ते."

"ठावं हाय." तो गुडघ्यावर हात ठेवून उठला. "पन मी इथं बसलो तर तुमाला परत परत धरा म्हनतील. तुमी मोजा नीट."

"चाय तरी घे पुरी!" राऊळआजी म्हणाली.

"घेतो. मोजनी झाल्यावर."

तो दाटीतून वाट काढत गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, गटारावरची फळी ओलांडली आणि पलीकडच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिला. तिकडे सावली नव्हती. मागून लुईझा टीचरचा आवाज येत होता, एक नंबरच्या खोलीत किती जण, नावं सांगा, हळू सांगा. रामनाथ पाठमोरा, हात मागे बांधून, उन्हात उभा होता. शेवटचं नाव लिहून होईपर्यंत त्याने पाय आत टाकला नाही.